रेडिओॲक्टिव्ह मॅन, अंक १५ : घरी छापलेल्या कॉमिकच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतली मुलं जे कॉमिक वाचतात, त्या 'रेडिओॲक्टिव्ह मॅन'चा एक अंक मी आणि माझी मुलगी मुक्ता घरी काढतोय. सोळा पानं आणि कव्हर. दिसायला १९५४ सालच्या अमेरिकन कॉमिकसारखा, आणि हातात घेतल्यावरही तसाच लागला पाहिजे. प्रती मोजक्या, मित्रमंडळींत वाटायला. विकायचा नाही. पात्र दुसऱ्यांचं आहे; असं काही करायचं असेल तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझं लहानपण मिरजेला काकांच्या छापखान्यात गेलं, त्यामुळे कागद आणि छपाई माझ्याकडे. चित्रं मुक्ताची.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी: हे कॉमिक ठळकपणे आलं ते ९ मे १९९१ ला दाखवलेल्या 'थ्री मेन अँड अ कॉमिक बुक' या भागात. मालिकेतल्या बार्ट या मुलाला दुकानात रेडिओॲक्टिव्ह मॅनचा पहिला अंक दिसतो, किंमत शंभर डॉलर. तो आणि त्याच्या शाळेतले मिलहाउस आणि मार्टिन पैसे एकत्र करून तो घेतात आणि मग एकमेकांवर विश्वास ठेवू शकत नाहीत. रात्रीच्या वादळात अंक जातो. पुढे मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांनी १९९३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर बाँगो कॉमिक्स काढलं आणि रेडिओॲक्टिव्ह मॅनचे खरेखुरे अंक छापले. त्यात स्टीव्ह व्हान्स आणि बिल मॉरिसन यांचा मोठा वाटा होता.

बाँगोनं अंक सलग काढले नाहीत. पहिल्या मालिकेत १, ८८, २१६, ४१२, ६७९ आणि १००० एवढेच सहा क्रमांक आहेत. प्रत्येक अंक आपण त्या त्या काळातच छापला गेलोय असं धरून चालतो. पहिला १९५२ चा, ८८ वा १९६२ चा, २१६ वा १९७२ चा, ४१२ वा १९८० चा, ६७९ वा १९८६ चा. चाळीसेक वर्षं चाललेल्या एका कॉमिकचे हे सहाच अंक आपल्याला रद्दीत सापडले असावेत, असं वाचताना वाटतं. मधल्या ९९४ जागा मोकळ्या आहेत. त्यातली एक आम्ही घेतली.

१८ जानेवारी

क्रमांक ठरवायला अख्खी संध्याकाळ गेली, पण ती गेली नसती तर पुढचं सगळं डळमळलं असतं.

१९५२ ते १९६२ या काळात ८७ अंक निघाले, म्हणजे वर्षाला जेमतेम नऊ. १९७२ ते १९८० मध्ये १९६, वर्षाला चोवीसच्या वर. १९८० ते १९८६ मध्ये २६७, म्हणजे जवळजवळ आठवड्याला एक! सुरुवातीच्या वेगानं मोजलं तर १९५४ च्या मध्याला पंधरावा अंक येतो. म्हणून १५. पहिल्या पानाच्या तळाशी जो बारीक मजकूर असतो (प्रकाशक, पत्ता, किती दिवसांनी निघतो वगैरे) तिथे 'वर्षातून नऊ वेळा' असं टाकायचं ठरलं. आकडा आणि वेळापत्रक जुळलं पाहिजे. कोणी तपासेल न तपासेल.

१९५४ का? त्या वर्षी अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीनं न्यू यॉर्कमध्ये कॉमिक्सवर सुनावणी घेतली. २१ आणि २२ एप्रिल, मग ४ जून. कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात का, हा प्रश्न होता. त्याच वर्षाच्या शेवटाकडे प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि कव्हरवर तिचा शिक्का येऊ लागला. आमचा अंक त्याच्या आधीचा, म्हणून शिक्का नाही.

गोष्ट मुक्तानं दोन वाक्यांत सांगितली आणि मी तिथेच होकार दिला. क्लॉड केन म्हणजे वेष उतरवलेला रेडिओॲक्टिव्ह मॅन. बाँगोच्या अंकांत त्याच्या डोक्यात विजेच्या आकाराचा धातूचा तुकडा रुतलेला आहे. तो झाकायला तो कायम टोपी घालून हिंडतो. आमच्या अंकात क्लॉड केनला सिनेटपुढे साक्षीला बोलावतात आणि अध्यक्ष म्हणतात, "सभागृहात टोपी काढा." सोळा पानं तो टोपी काढत नाही. बस्स, एवढीच गोष्ट.

२५ जानेवारी

चित्र काढायला बसण्याआधी त्या काळाचे खरे अंक हातात असायला हवेत. पडद्यावर स्कॅन पाहून चालत नाही. स्कॅन करणारे कागदाचा पिवळेपणा काढून टाकतात आणि रंग उजळवतात. जवळच्या जुन्या कॉमिक्सच्या दुकानात कव्हर फाटलेले अंक स्वस्तात मिळतात, कारण संग्राहकांना ते नको असतात. १९५३-५४ चे काउबॉयचे आणि प्रेमकथांचे असे चार अंक घेतले, मिळून सव्वीस डॉलर. या कामातला सगळ्यात वसूल झालेला खर्च.

मोजून पाहिलं: सव्वासात इंच रुंद, सव्वादहा इंच उंच. आजच्या कॉमिकपेक्षा रुंदीला अर्ध्या इंचाहून जास्त. तेवढ्यानंच हातातली पकड बदलते.

प्रत्येक अंकात मधेच दोन पानं निव्वळ मजकुराची असतात, चित्र जवळजवळ नाहीच. मुक्ताला ते विचित्र वाटलं. कारण टपालाचं आहे. स्वस्त दरानं टपालात जाण्यासाठी, म्हणजे सेकंड क्लास परवाना मिळण्यासाठी, अंकात थोडा गद्य मजकूर असावा लागे. पुढे वाचकांच्या पत्रांनी ती जागा घेतली. आमच्या अंकातही दोन पानं गद्य येणार, पत्रव्यवहार नाही.

जाहिरातींवर आमचं वाजलं. मुक्तानं सी-मंकीजच्या (टपालानं मागवून पाण्यात वाढवायचे इवले जलजीव) जाहिरातीची नक्कल आधीच रेखाटून ठेवली होती. फार सुंदर जमली होती. पण ते नाव १९६० नंतरचं. "बाबा, लोकांना जुनं कॉमिक म्हटलं की तेच आठवतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "म्हणूनच नको. लोकांना आठवतं ते आणि त्या वर्षी होतं ते, यातलं दुसरं आपल्याला छापायचंय." ते पान गेलं. त्या जागी टोप्यांच्या दुकानाची पानभर जाहिरात आली, आणि ती गोष्टीला कितीतरी जास्त धरून आहे. दुकानाच्या पत्त्यात पाच आकडी पिन कोड नाही, कारण झिप कोड १ जुलै १९६३ ला सुरू झाले. त्याआधी मोठ्या शहरांच्या नावापुढे विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक लिहीत. कव्हरवर बारकोड नाही. किंमत दहा सेंट.

ही खबरदारी मला महत्त्वाची वाटते ती बाँगोचे अंक पुन्हा वाचल्यामुळे. १९५२ च्या अंकातला विनोद हसवतो, कारण बाकी सगळं गंभीरपणे १९५२ चं आहे. रंग, अक्षरं, चौकटींची मांडणी, यात कोणी डोळा मिचकावत नाही. आजूबाजूचं पान आपणहून विनोद करू लागलं की टोपीचा विनोद मरतो.

८ फेब्रुवारी

पहिली चार पानं फुकट गेली. काम दोन आठवड्यांचं.

मुक्तानं ती दहा बाय पंधरा इंचांवर काढली होती, कारण आजची तयार बोर्डं त्या मापाची मिळतात. लहान करून जुन्या अंकाशेजारी ठेवल्यावर रेषा जाड आणि सुस्त दिसू लागली. १९६७ च्या आसपासपर्यंत अमेरिकन चित्रकार छापील पानाच्या जवळपास दुप्पट मापावर काढत, साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंच. निम्मं केल्यावर रेषा बारीक आणि चपळ होते, हाताचा थरकाप नाहीसा होतो, चौकटीत जास्त माणसं मावतात. सुनावणीच्या दृश्यात तर सभागृह भरलेलं हवं होतं.

मोठा गुळगुळीत ब्रिस्टल बोर्ड (चित्रकलेचा जाड कागद) घेतला, अठ्ठेचाळीस डॉलर. ब्रशही बदलला. आधीचा सिंथेटिक होता. शाई एकदम सोडायचा आणि रेषा मधेच फुगायची. त्या पिढीचे शाईकाम करणारे कोलिंस्की नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या केसांचा, तीन नंबरचा ब्रश वापरत. तो महाग आहे, पण एकाच फटक्यात कोटाची घडी जाड-बारीक उतरते. सिंथेटिकवर पैसे वाचवू नका. बाकी कुठेही वाचवा.

अक्षरं हातानं, सगळी कॅपिटल. ओळी आखायला एम्स गाइड नावाची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मिळते, पाच डॉलरच्या आत. संगणकावरचे कॉमिक फाँट वापरून पाहिले होते; त्यात प्रत्येक 'ई' अगदी सारखा येतो आणि पान लगेच आजचं वाटतं.

२२ फेब्रुवारी

रंग. इथे मी सगळ्यात जास्त रमलो, म्हणून ही नोंद लांबणार.

जुन्या कॉमिकमध्ये लाल, पिवळा, निळा आणि काळा एवढ्याच शाया. काळा रेषांसाठी. उरलेल्या तिघांच्या प्रत्येकी चारच पायऱ्या: शून्य, २५ टक्के, ५० टक्के, पूर्ण. फिक्या पायऱ्या म्हणजे त्याच शाईचे बारीक ठिपके, लांबून ते फिका रंग वाटतात. चार गुणिले चार गुणिले चार, ६४ रंग, त्यात कोरा कागदही धरला. चेहऱ्याचा रंग म्हणजे २५ टक्के पिवळा आणि २५ टक्के लाल. चित्रकार किंवा रंगकार पानाच्या छोट्या प्रतीवर जलरंगानं नमुना रंगवून शेजारी आकडे लिहायचा, आणि तो नमुना कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला केमिकल कलर प्लेट कंपनीत जायचा. तिथे प्रत्येक रंगाच्या प्रत्येक पायरीसाठी वेगळी पारदर्शक फिल्म हातानं भरत. हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या आणि त्यांची नावं अंकावर कधी छापली गेली नाहीत. छपाई इलिनॉयमधल्या स्पार्टा गावी, वर्ल्ड कलर प्रेसच्या रोटरी यंत्रांवर.

आम्ही भरणी संगणकावर केली, पण नियम तोच: ६४ च्या बाहेर एकही रंग नाही. मुक्ताला हे आधी जाचक वाटलं. दुसऱ्या पानापर्यंत तिच्या लक्षात आलं की मागे बसलेले सगळे साक्षीदार सपाट निळे करून टाकले की पुढचा क्लॉड आपोआप उठून दिसतो. जुने रंगकार हेच करायचे. छटा नसल्या की गर्दी अशीच हाताळावी लागते.

मालिकेच्या बाजूनं एक गोष्ट इथेच नोंदवतो. 'द सिम्पसन्स'चा संगणकावर रंगवलेला पहिला भाग २४ सप्टेंबर १९९५ चा, आणि तो याच पात्रावरचा आहे: स्प्रिंगफील्डमध्ये रेडिओॲक्टिव्ह मॅनच्या सिनेमाचं शूटिंग येतं आणि मिलहाउसला त्याच्या साथीदाराचं, फॉलआउट बॉयचं, काम मिळतं.

८ मार्च

छपाई रिसोग्राफवर (स्टेन्सिलनं छापणारं, झेरॉक्स मशीनसारखं दिसणारं यंत्र) करायची ठरवली. एका सामुदायिक स्टुडिओत दोन ड्रमचं (ड्रम म्हणजे एका रंगाच्या शाईचं नळकांडं) मशीन भाड्यानं मिळतं. रिसोत प्रत्येक रंगाला वेगळा मास्टर, म्हणजे भोकं पाडलेली पातळ स्टेन्सिल, आणि वेगळा ड्रम. शाई कागदात मुरते, वर बसत नाही. जुन्या कॉमिकच्या स्वस्त कागदावरच्या छपाईच्या इतक्या जवळ जाणारं आणि परवडणारं दुसरं काही मला सापडलं नाही. स्क्रीन प्रिंटिंगचा विचार केला होता, पण एवढ्या पानांना एवढ्या स्क्रीन बनवणं घरच्या माणसाचं काम नव्हे.

पहिली चाचणी रद्द. आमच्या फाइलमध्ये रंगांच्या छटा राखाडी म्हणून गेल्या होत्या आणि त्यावर आम्ही ठिपके घातले होते. राखाडी दिसलं की मशीन आपलेही ठिपके पाडतं. दोन जाळ्या एकमेकांवर बसल्या आणि चेहऱ्यांवर लाटांसारखी नक्षी उमटली, कापडाच्या विणीत दिसते तशी.

उपाय: ठिपके पूर्णपणे आपणच पाडायचे आणि फाइल निव्वळ काळी-पांढरी द्यायची, ६०० डीपीआय (इंचाला ६०० बिंदू), एकही राखाडी बिंदू नाही. गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या न्यूजप्रिंट फिल्टरनं जमतं. नंतर थ्रेशोल्ड लावून घ्या, म्हणजे प्रत्येक बिंदू पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा होतो. इंचाला ठिपक्यांच्या ६५ ओळी ठेवल्यावर जुन्या अंकाशेजारी पान शोभलं. ठिपक्यांच्या ओळींचे कोन वेगवेगळे हवेतच: निळा १५ अंश, लाल ७५, पिवळा ९०. काळ्यात ठिपके नाहीत, फक्त रेषा. कोन सारखे ठेवले तर पुन्हा तीच नक्षी येते.

दुसरी अडचण गुलाबीची. बहुतेक स्टुडिओंत लालच्या जागी फ्लुओरेसंट गुलाबी ड्रम असतो. सुंदर रंग, पण १९५४ मध्ये असा चमकता गुलाबी कॉमिकमध्ये नव्हता. चेहरे आजच्या पोस्टरवरचे वाटू लागले. स्टुडिओत क्रिमझनचा, म्हणजे गडद लाल रंगाचा, ड्रमही होता. तो लावल्यावर चेहरे शांत झाले. निळ्यावर क्रिमझन पडून जांभळा जरा मळकट येतो. जुन्या अंकांतला जांभळाही मळकटच आहे.

चाचण्यांचा खर्च एकतीस डॉलर.

१५ मार्च

किरणोत्साराच्या चिन्हानं एक आठवडा खाल्ला, आणि तो खायला हवाच होता.

मूळ कथा गोष्टीत आठवण म्हणून येते: नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोटाची चाचणी (तिथल्या चाचण्या २७ जानेवारी १९५१ ला सुरू झाल्या), आणि क्लॉड केनची पँट काटेरी तारेत अडकलेली. १९९१ च्या भागात बार्ट वाचतो ती हीच. तारेवर मुक्तानं तीन पाकळ्यांच्या चिन्हाची पाटी लावली, पिवळ्यावर काळी.

ते चिन्ह १९४६ मध्ये बर्कलीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत ठरलं, तेव्हा ते निळ्यावर मॅजेंटा (जांभळट गुलाबी) होतं. मग अमेरिकेत पिवळ्यावर मॅजेंटा रूढ झालं. १९५४ च्या पाटीला पिवळ्यावर मॅजेंटाच शोभतं.

पण पिवळ्या शाईवर लाल शाई पडली की मॅजेंटा उरत नाही, भडक केशरी-लाल होतो. मॅजेंटा हवा तर पाकळ्यांखालचा पिवळा काढून टाकावा लागतो, म्हणजे पिवळ्यात पाकळ्यांच्या आकाराची पांढरी खिडकी ठेवायची आणि लाल नेमका त्यात बसवायचा. रिसोत कागद प्रत्येक फेरीला थोडा सरकतो, कधी मिलिमीटरभर. पहिल्या प्रतींत प्रत्येक पाकळीच्या एका कडेला पांढरी फट आणि दुसऱ्या कडेला केशरी पट्टी आली.

खिडकी थोडी लहान करून पाहिली, म्हणजे पिवळा पाकळीच्या खाली जरासा सरकेल. फट गेली, पण सगळीकडून केशरी किनार आली आणि पाटी जळाल्यासारखी दिसू लागली. मग जुन्या अंकातली एक पाटी भिंगाखाली धरली. उत्तर तिथे होतं. प्रत्येक रंगाभोवती जाड काळी रेषा. पिवळा आणि लाल एकमेकांना भिडतात ते त्या रेषेच्या पोटात, म्हणून सरकले तरी कळत नाही. कॉमिकच्या चित्रांना काळी बाह्यरेषा असते ती फक्त शैली म्हणून, असं मी इतकी वर्षं समजत आलो होतो. यंत्र चुकणारच, हे धरून ती रेषा चुकीला जागा देते.

पाकळ्यांना काळी किनार दिली, पिवळ्याची कड त्या किनारीच्या मध्यावर ठेवली. पहिल्याच फेरीत बसलं. मग सगळी सोळा पानं पुन्हा तपासली आणि जिथे दोन रंग रेषेशिवाय भिडत होते तिथे रेषा घातली किंवा एक रंग दुसऱ्यावर सरळ चढू दिला. हे काम चित्र काढतानाच केलं तर आठवडा वाचेल.

२३ मार्च

कागद. मुक्ताचं म्हणणं आम्लमुक्त कागद घ्यावा, म्हणजे टिकेल. मी न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, अडून बसलो. मालिकेतल्या त्या भागाचा सगळा जीव याच्यात आहे की तीन मुलं ज्याच्यासाठी भांडतात ती वस्तू एका पावसात संपते. अंक पन्नास वर्षं टिकणाऱ्या कागदावर छापला तर तो दुसराच काहीतरी होईल. शेवटी न्यूजप्रिंट.

तयार अकरा बाय सतराचा न्यूजप्रिंट आणला. घडी घातल्यावर मधली कड खडबडीत फुटली आणि डमी अंक बंदच होईना, पंख्यासारखा उघडून बसायचा. कारण कागदाचा दाणा. यंत्रावर कागद बनताना तंतू एका दिशेला झोपतात. घडी त्या दिशेला समांतर हवी. अकरा बाय सतराच्या बहुतेक तावांत दाणा लांबीला असतो आणि आपली घडी आडवी येते.

दाणा ओळखायला ताव फाडून पाहा: दाण्याच्या दिशेनं सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा. मग मोठे ताव घेऊन स्थानिक प्रेसमध्ये अकरा इंचांच्या बाजूला दाणा समांतर येईल असे कापून घेतले. कापणावळ पंधरा डॉलर. आधीचा गठ्ठा मुक्ताच्या रेखाटनांना गेला.

५ आणि ६ एप्रिल

मुख्य छपाई. सोळा पानं म्हणजे एक फर्मा: चार ताव, दोन्ही बाजू, चार रंग, एकूण बत्तीस मास्टर. दोन ड्रमच्या मशीनवर पिवळा आणि लाल एका फेरीत, निळा आणि काळा दुसऱ्या फेरीत. प्रत्येक तावाच्या चाळीस प्रती घातल्या, कारण न्यूजप्रिंट पातळ असल्यानं ड्रमला चिकटतो, अडकतो, कोपरा दुमडतो. ताव घालण्याआधी गठ्ठा दोन्ही हातांनी चांगला मोकळा करून घ्या आणि मशीनचा वेग सगळ्यात कमी ठेवा. वेग कमी केल्यावर अडकणं निम्म्यावर आलं.

दोन फेऱ्यांमध्ये एक रात्र जाऊ द्यावीच लागते. घाईनं लगेच दुसरी फेरी घातलेल्या तावांवर रबरी रोलरनं ओली शाई उचलली आणि मधोमध पट्टे ओढले. काळ्याची जुळणी मात्र छान बसली. जिथे केसभर सरकली तिथे जुन्या अंकासारखी दिसते, आणि त्या प्रती मला जास्त आवडल्या.

मास्टर आणि प्रतींचे मिळून अठ्ठावन्न डॉलर. सगळी पानं धड असलेले संच सव्वीस निघाले.

१२ एप्रिल

कव्हर चकचकीत कागदावर हवं, जुन्या अंकांचंही असंच असतं. रिसोची शाई तिथे चालत नाही. चकचकीत कागदात ती मुरत नाही, आठवड्यानंही बोटाला लागते. कव्हर कॉपी शॉपमध्ये लेझरवर छापलं. तिथे आतल्या पानांसारखे मोठे ठिपके घालू नका, लेझर मशीनही स्वतःची जाळी पाडतं. जुनी कव्हरं आतल्या पानांपेक्षा बारीक जाळीवर छापलेली असत, तेव्हा गुळगुळीत रंगच बरोबर. पहिल्या प्रतीतला पांढरा फार पांढरा आला. पार्श्वभूमीला पाच टक्के पिवळा दिल्यावर आतल्या पानांशी मेळ बसला.

१९ एप्रिल

सेंटर पिन. लांब हाताचा स्टेपलर लागतो, नेहमीचा मध्यापर्यंत पोचत नाही. पिना साध्या लोखंडाच्या घेतल्या नाहीत. आमच्या चार जुन्या अंकांपैकी तिघांत पिनेभोवती गंजाचा तपकिरी डाग कागदात उतरलाय. पितळी रंगाच्या मुलाम्याच्या पिना मिळाल्या, पण ताज्या कॉमिकमध्ये पिन चंदेरी दिसली पाहिजे म्हणून स्टेनलेस स्टीलच्या मागवल्या. पिना यायला आठवडा गेला.

पिन मारल्यावर तीन बाजू कापल्या. घडी घातल्यावर आतला ताव बाहेरच्यापेक्षा थोडा पुढे येतो, म्हणून कापणी नेहमी शेवटी. पान आठ आणि नऊवर, अगदी मध्यावर, सभागृहाचं दोन पानी चित्र आहे. मध्यातला ताव एकच असल्यानं दोन्ही अर्धी आपोआप जुळतात. दोन पानांवर चित्र पसरायचं असेल तर ते मध्यातच ठेवा, दुसरीकडे ठेवलं तर जुळवताना जीव जातो.

३ मे

एक प्रत दक्षिणेकडच्या खिडकीत उघडी ठेवली होती. दोन आठवड्यांत उघडं पान बदामी झालं, झाकलेली पानं तशीच आहेत. न्यूजप्रिंटमधलं लिग्निन (लाकडातून आलेला घटक) उजेडात आणि हवेत असंच रापतं. जुनाट दिसावा म्हणून एका प्रतीला चहाचं पाणी लावून पाहिलं होतं. कागदाला सुरकुत्या पडल्या आणि पिनेपाशी फाटला. जुनेपणा हवा असेल तर ऊन पुरे. आम्ही बाकीच्या प्रती ताज्याच दिल्या. १९५४ च्या उन्हाळ्यात दुकानातून घेतलेला अंक ताजाच असणार.

पुढच्या वेळी काय बदलणार: दोन रंग जिथे भिडतात तिथल्या काळ्या रेषांची यादी चित्र काढतानाच ठेवायची, आणि कागद सगळ्यात आधी आणून त्याची घडी पाहायची. मशीनवरून काढलेला मास्टर पुन्हा लावता येत नाही, तेव्हा आणखी प्रती लागल्या तर बत्तीसच्या बत्तीस नव्यानं करावे लागतील. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक तावाच्या दहा प्रती जास्त घाला. मुक्ताला आता ४१२ आणि ६७९ च्या मधला एक अंक करायचाय. त्या काळात कॉमिक आठवड्याला निघत होतं आणि किंमत पन्नास सेंटवरून पंचाहत्तरवर जात होती. कव्हरवर बारकोड लागणार. तो हातानं काढायचा की छापून चिकटवायचा, यावर बोलणं चालू आहे.